घाई कुठे, धीर कुठे : मंदावलेल्या थायरॉइडविषयी

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आज मराठी घराघरांत ऐकू येते. शब्दशः पाहिले तर थायरॉइड प्रत्येकालाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी जेमतेम वीसेक ग्रॅम वजनाची असते. परिभाषा कोशांनी तिला अवटु ग्रंथी म्हटले, पण ते नाव लोकांच्या तोंडी कधी बसले नाही. बसला तो ‘थायरॉइड’ हा शब्द, आणि तोही आजाराचे नाव म्हणून. त्यातही ‘थायरॉइड झाला’ असे कुणी फारसे म्हणत नाही; ‘थायरॉइड निघाला’ असे म्हणतात. या क्रियापदात बरेच काही आहे. ताप येतो, खोकला होतो, पण थायरॉइड निघतो, म्हणजे रिपोर्टमधून बाहेर पडतो. शरीरात तो वर्षानुवर्षे मुरत आलेला असतो आणि आपल्याला मात्र तो एका सकाळी लॅबच्या कागदावर, ठळक छापलेल्या एका आकड्याच्या रूपाने भेटतो. सावकाश येणारा आजार आणि अचानक हाती पडणारा आकडा यांच्यातली ही तफावत लक्षात घेतल्याशिवाय या विषयावर शहाणपणाने बोलता येणार नाही. पुढच्या प्रकरणांत तपासण्या, औषधे, आहार यांची माहिती सविस्तर येईल. इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. मंद थायरॉइडच्या बाबतीत आपण घाई आणि धीर यांची अदलाबदल केली आहे. जिथे दिवस मोजायला हवेत तिथे वर्षे जातात, आणि जिथे दोन-तीन महिने थांबून पुन्हा पाहायला हवे तिथे एका रिपोर्टवर जन्माची गोळी सुरू होते.

मुळात ही ग्रंथीच संथ चालीची आहे. अन्नातून आलेले आयोडीन ती रक्तातून ओढून घेते आणि त्यापासून दोन संप्रेरके बनवते. चार आयोडीन अणूंचे ते टी-४ आणि तीनांचे ते टी-३. टी-४ हा साठ्याचा माल म्हणावा. पेशींपाशी पोचल्यावर त्यातला एक आयोडीन अणू निघून टी-३ तयार होते आणि प्रत्यक्ष काम तेच करते. हृदयाने किती ठोके द्यावेत, आतड्यांनी किती वेगाने हलावे, अंगात किती ऊब निर्माण व्हावी, यकृताने रक्तातले कोलेस्टेरॉल किती उचलावे, हे सगळे त्याच्या प्रमाणावर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या कारभारावर नजर ठेवते आणि संप्रेरक कमी पडले की टीएसएच नावाचा संदेश वाढवते. आता वेळेचे गणित पाहा. रक्तातले टी-४ निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात आणि खुद्द ग्रंथीत कित्येक आठवडे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे आज काही बिघडले तर ते आज दिसत नाही आणि आज गोळी सुरू केली तर तिचा पूर्ण परिणाम सहा आठवड्यांशिवाय कळत नाही. टीएसएच मात्र विलक्षण हळवे असते. टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. म्हणूनच ती तपासणी इतकी उपयोगी ठरली, आणि म्हणूनच ती फसवूही शकते, कारण संप्रेरकात नगण्य फरक पडला तरी कागदावरचा आकडा चांगलाच हललेला दिसतो.

हा आजार ओळखायला वैद्यकशास्त्रालाही फार उशीर लागला. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते, म्हणून गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. पण गाठ नसताना आतून विझत चाललेल्या ग्रंथीचे काय? लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली पाच स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, जीभ जड, बोलणे संथ, विचार मंद. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडिमा हे नाव दिले. कारण तरीही कुणाला ठाऊक नव्हते. ते कळले एका वेगळ्याच दिशेने. स्वित्झर्लंडमधले शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियांत पूर्ण ग्रंथी काढून टाकत, आणि १८८३ मध्ये त्यांनीच प्रांजळपणे नोंदवले की असे रुग्ण पुढे मंद, सुजलेले, थंड होत जातात. ग्रंथी नसली की जे होते तेच गल यांच्या स्त्रियांना झाले होते. त्यानंतर १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळात तिला आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज बाटलीतली मोहरीपेक्षा जराशी मोठी गोळी तेच काम करते. तरीही उशिराचा शाप सुटला नव्हता. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी चौदा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांना मानसिक आजार आहे असे धरून चालले होते, आणि खरा दोष थायरॉइडमध्ये होता. ग्रंथी का विझते याचे सर्वांत सामान्य उत्तर जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते हे कळायला १९५६ साल उजाडावे लागले.

उशीर का होतो, हे लक्षणांकडे पाहिले की कळते. थकवा, झोप, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, गळणारे केस, इतरांनी पंखा लावला की अंगावर शाल ओढावीशी वाटणे, पाळीत अंगावरून जास्त जाणे, घोगरा आवाज, नावे न आठवणे. यातले प्रत्येक लक्षण आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीच्या किंवा नोकरी करणाऱ्या बाईच्या दिवसात सहज मावते, आणि प्रत्येकाला घरात एक तयार उत्तर असते: वय झाले, बाळंतपणानंतर असे होतेच, जागरण फार होते. आजार एक असला तरी तक्रारी वेगवेगळ्या दारांत जातात. केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, हाताला मुंग्या येतात म्हणून हाडांचे डॉक्टर, वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी हृदयरोगतज्ज्ञ. मूल राहत नाही म्हणून चाललेल्या तपासण्यांत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले दिसते आणि त्यामागेही कधी कधी हीच ग्रंथी असते. या धुक्यात एक खूण मात्र हाताने पकडता येते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवावे, पावले मोकळी लोंबू द्यावीत आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारावे. पाऊल झटकन खाली जाते, ते निरोग्यासारखेच. पण परत येताना ते रेंगाळते, पाण्यात हलल्यासारखे सावकाश मूळ जागी येते. त्या एका हालचालीत सगळा आजार दिसतो. सुरुवात होते, पण सैल पडायला, सावरायला, पुढच्या कामाला तयार व्हायला वेळ लागतो. वजनाबद्दल मात्र इथेच स्पष्ट सांगायला हवे. मंद थायरॉइडमुळे वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलोंचे असते आणि त्यातला बराच भाग अंगात साठलेल्या मिठाचा व पाण्याचा. वीस किलोंचे ओझे या ग्रंथीच्या माथी मारले की खरी कारणे शोधायची राहून जातात, आणि गोळी घेऊनही वजन उतरले नाही की रुग्णाचा औषधावरचा विश्वास उडतो.

आता घाईच्या जागांकडे. पहिली आणि सर्वांत मोठी जागा म्हणजे नवजात बाळ. काही बाळे थायरॉइडशिवाय किंवा अर्धवट घडलेल्या थायरॉइडसह जन्मतात. जगात इतरत्र तीन-चार हजारांत एक असे प्रमाण सांगितले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत ते अकराशे-बाराशे जन्मांमागे एक असे आढळले. जन्मताना बाळ नेहमीसारखे दिसते, कारण गर्भात असताना वारेतून आईचे संप्रेरक त्याला मिळत होते. नाळ कापली की तो पुरवठा थांबतो. त्यानंतरची चिन्हे फार मवाळ असतात. कावीळ रेंगाळते, बाळ दूध ओढताना दमते, दोन-दोन दिवस शी करत नाही, रडणे घोगरे येते. आणि बहुतेक वेळ ते झोपून असते. आपल्याकडे अशा बाळाचे कौतुक होते. ‘गुणी आहे, त्रासच देत नाही’ असे आजी मायेने म्हणते. त्या शांततेत मेंदू मात्र उपाशी असतो. नवजातांची तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या अभ्यासांत दिसले होते, की पहिल्या तीन महिन्यांत उपचार मिळालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक नव्वदीच्या जवळ राहिला आणि सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांचा पन्नाशीत अडकला. फरक पडला तो काही महिन्यांमुळे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जाँ दुसो यांनी १९७४ मध्ये प्रत्येक बाळाच्या रक्ताची तपासणी सुरू केली. बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, कागद वाळवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. सर्वांत सोयीची वेळ जन्मानंतर दोन-तीन दिवसांची. दोष निघाला तर टी-४ ची गोळी चुरडून चमचाभर आईच्या दुधात कालवून रोज द्यायची. पंधरा दिवसांच्या आत हे सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखे शिकते, खेळते, मोठे होते. बुद्धी वाचवणारा इतका स्वस्त उपचार वैद्यकात दुसरा क्वचितच सापडेल. गोव्याने २००८ साली सरकारी यंत्रणेतून नवजातांच्या अशा तपासण्या सुरू केल्या. पण देशात आजही टाचेतले रक्त घ्यायचे की नाही हे पुष्कळदा बाळ कुठल्या गावी आणि कुठल्या रुग्णालयात जन्मले यावर ठरते, आणि मला हे अन्यायाचे वाटते.

घाईची दुसरी जागा त्याच बाळाच्या जन्माआधीची. पहिले तीन महिने गर्भाला स्वतःचे संप्रेरक बनवता येत नाही, त्यानंतरही काही आठवडे ते पुरेसे नसते, आणि नेमका तोच काळ मेंदूच्या घडणीचा असतो. म्हणून आईची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढते, पुष्कळदा पाव ते निम्म्याने. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिले आणि तिने पहिली तपासणी ‘तिसरा महिना लागला की जाऊ’ म्हणून लांबवली, तर हा काळ निघून गेलेला असतो. त्यामुळे अशा स्त्रीने मूल हवे असे ठरवतानाच टीएसएच तपासून घ्यावे आणि पाळी चुकल्याच्या आठवड्यातच डॉक्टरांना कळवावे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हॅडो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गर्भारपणात ज्यांच्या मंद थायरॉइडवर उपचार झाले नव्हते अशा आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सात-आठ वर्षांनी मोजला तेव्हा सरासरी सात गुणांनी कमी भरला. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोडून टाकण्यासारखा नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये २०१२ साली आणि अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, गर्भारपणी सौम्य दोष आढळलेल्या स्त्रियांना गोळी देऊनही मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. मग घाईचा आग्रह कशाला? याचे उत्तर असे की त्या चाचण्यांत दोष सौम्य होता आणि गोळी सुरू होईतो बहुतेकींचा पहिला तिमाही काळ संपला होता. लवकर दिली असती तर फायदा झालाच असता, असे यावरून म्हणता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की उघड आजाराच्या बाबतीत थांबण्याला आधार नाही, आणि सौम्य दोषाच्या बाबतीत खात्रीची भाषा कुणीच करू नये.

इथून आपण धीराच्या प्रदेशात येतो, आणि गोंधळ सर्वांत जास्त आहे तो इथेच. सौम्य अवस्था म्हणजे टीएसएच मर्यादेच्या थोडे वर, साधारण पाच ते दहाच्या दरम्यान, आणि टी-४ अगदी ठीक. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी आल्यापासून असे रिपोर्ट ढिगाने निघू लागले आहेत. पण टीएसएच दिवसभर एकसारखे नसते. रात्री ते चढते, दुपारी उतरते. ताप किंवा मोठे आजारपण भरून निघताना ते काही काळ वाढलेले राहू शकते. वयाबरोबर त्याची नैसर्गिक मर्यादाही वर सरकते, तरी तिशीतल्या मुलीचा आणि ऐंशीतल्या आजोबांचा रिपोर्ट बहुधा एकाच मापाने मोजला जातो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा आकडा आपोआप जागेवर आलेला असतो. ज्यांचा येत नाही त्यांच्यातही पुढे कुणाचा आजार वाढणार याचा अंदाज बांधता येतो. इंग्लंडमधल्या व्हिकम या भागातल्या लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला. ज्या स्त्रियांत टीएसएच वाढलेले होते आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे चार टक्क्यांना उघड आजार झाला. दोहोंपैकी एकच गोष्ट होती त्यांच्यात हे प्रमाण जवळपास निम्मे होते. तेव्हा प्रतिपिंडांची एक तपासणी आणि वर्षाकाठी एक टीएसएच एवढ्यावर लक्ष ठेवता येते. मग तोवर गोळी दिली तर बिघडले काय? २०१७ मध्ये पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवरची ‘ट्रस्ट’ चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. खऱ्या गोळीने टीएसएच खाली आले. थकवा आणि इतर लक्षणे मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. आणि म्हातारपणी डोस थोडा जरी जास्त झाला तरी हृदयाची लय बिघडू शकते, हाडे झिजू शकतात. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असे होतेच असे नाही.

भारतातल्या आठ शहरांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुंबई आणि गोवाही होते आणि पाच हजारांवर प्रौढ तपासले गेले. तिचा एक आकडा सर्वत्र सांगितला जातो: १०.९५ टक्के लोकांना मंद थायरॉइड, म्हणजे नऊ-दहांत एक. स्त्रियांत जवळपास १६ टक्के आणि पुरुषांत ५. हा आकडा भीती घालायला पुरतो, पण त्याच पाहणीतले दुसरे दोन आकडे अधिक बोलके आहेत. ३.४७ टक्के लोकांना आजार असून तो आधी कळलेलाच नव्हता, आणि याखेरीज ८.०२ टक्के लोक सौम्य अवस्थेत होते. म्हणजे ज्यांना शोधून काढायला हवे होते असे लोक एका बाजूला, आणि ज्यांच्याकडे लक्ष ठेवून थांबायला हवे असे त्यांच्या दुपटीहून अधिक लोक दुसऱ्या बाजूला. दोन्ही गट एकाच नावाखाली ढकलले की पहिल्यांचा उशीर संपत नाही आणि दुसऱ्यांच्या माथी विनाकारण आजारपणाचा शिक्का बसतो.

एक शंका मला या सगळ्यांत गंभीर वाटते. धीराचा असा पुरस्कार केला की बायकांच्या तक्रारी झटकून टाकायला आणखी एक सबब मिळेल. ‘टीएसएच फार नाही, मनाचे आहे’ हे वाक्य कितीजणींनी ऐकले असेल! ही भीती खोटी नाही, कारण या आजाराचा इतिहासच मुळी बायकांचे न ऐकण्याचा आहे. पण धीर धरणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. थांबायचे तर ठरवून थांबावे: पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, तिच्यात टी-४ आणि प्रतिपिंडे घेतली जातील का, दरम्यान लक्षणे वाढली तर काय करायचे, हे बोलून निघावे. आणि थकव्याचा शोध थायरॉइडपाशी संपू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत. सौम्य टीएसएचवर बोट ठेवून गोळी सुरू केली आणि हिमोग्लोबिन पाहिलेच नाही, तर त्या बाईचे ऐकले असे म्हणता येणार नाही. उलट बाजूही आहे. टीएसएच ठीक असूनही आजार असू शकतो, कारण दोष कधी पीयूषिकेतच असतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला पुढे अंगावर दूध आले नाही, पाळी परतली नाही आणि ती वर्षानुवर्षे मलूल राहिली, तर तिच्यात टीएसएच वाढतच नाही. तिथे टी-४ पाहावे लागते, आणि तिची इतर संप्रेरकेही. आजकाल केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते. केस गळतात म्हणून बायोटिन घेतले आणि बायोटिनमुळे केस गळण्याचे खरे कारण झाकले गेले, असेही त्यामुळे घडू शकते. तपासणीआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

मिठाबद्दलचा आक्षेपही ऐकून घेण्यासारखा आहे. आयोडीनयुक्त मिठामुळेच थायरॉइडचे रुग्ण वाढले, असे म्हणत अनेक घरे सैंधवाकडे वळली आहेत. यात तथ्याचा अंश आहे. चीनमध्ये कमी, पुरेसे आणि जास्त आयोडीन मिळणाऱ्या तीन भागांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा उघड मंद थायरॉइडचे प्रमाण अनुक्रमे ०.३, ०.९ आणि २ टक्के आढळले. आयोडीन वाढले की प्रतिपिंडांचा आजारही काही प्रमाणात वर येतो. पण तराजूचे दुसरे पारडे हिमालयात पाहावे. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एका भागाला साधे मीठ आणि दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ पुरवले. काही वर्षांत त्या दोन भागांतल्या मुलांचे गलगंड निम्म्यावर आले, साध्या मिठाच्या भागात काही बदलले नाही. मग तिथेही आयोडीन देण्यात आले. त्या पट्ट्यांत आयोडीनअभावी मुकी, बहिरी, मतिमंद मुले जन्मत होती. मंद थायरॉइड झालेल्या प्रौढाला गोळी देता येते. गर्भात खुंटलेली बुद्धी कशानेच परत आणता येत नाही. मोठ्या माणसाला रोज दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भारपणी अडीचशे, आणि ते स्वयंपाकातल्या साध्या पाकीटबंद मिठातून मिळते. उपवासाला सैंधव वापरायला हरकत नाही. वर्षभराचे मीठ तेच असू नये, विशेषतः घरात गरोदर बाई असताना. कोबी-फ्लॉवरची भीती तर सोडूनच द्यावी. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर ते कुणाला नडत नाहीत.

राहिला जन्मभराच्या गोळीचा प्रश्न. उघड आजार असलेले कित्येकजण ‘सवय लागेल’ म्हणून गोळी मध्येच सोडतात. ही गोळी म्हणजे बाहेरचे रसायन नाही. जे टी-४ ग्रंथी बनवत होती तेच रेणुशः तिच्यात असते. सवय लागते म्हणण्यापेक्षा, शरीराला ती जन्मापासूनच होती असे म्हणावे. मात्र ती घेण्याची रीत काटेकोर आहे. सकाळी उठल्यावर कोऱ्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्धा तास, शक्यतो तासभर उशिरा. आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते. गोळी आणि चहा एकाच घोटात, आणि नाश्त्याबरोबर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी. मग अर्धे औषध आतड्यातच अडकते आणि डोस वाढत जातो. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी घ्यावे. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा बाथरूममधल्या दमट कपाटात ठेवू नये; तिच्या झाकणातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये. डोस बदलला की सहा आठवड्यांच्या आत पुन्हा तपासून काही हाती लागत नाही, कारण वर पाहिले तसे हे घड्याळच आठवड्यांचे आहे. टीएसएच जागेवर येऊनही काही थोड्यांना बरे वाटत नाही. टी-४ बरोबर टी-३ देण्याचे प्रयोग बरेच झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही त्या रुग्णांची तक्रार खरी मानूनच पुढे शोध चालला पाहिजे.

या पुस्तकातली बहुतेक प्रकरणे तुम्ही सवडीने वाचू शकाल. तुमचा सीमेवरचा रिपोर्टही तेवढा वेळ थांबू शकेल. एकच गोष्ट थांबू शकत नाही. तुमच्या नात्यात, शेजारी, कामावरच्या मैत्रिणीकडे बाळ जन्मले की तुम्ही झबले-टोपडे घेऊन भेटायला जाल. त्या वेळी बाळाच्या आईला किंवा आजीला एवढे जरूर विचारा, की टाचेतले रक्त थायरॉइडच्या तपासणीला गेले का, आणि रिपोर्ट हाती आला का. गेले नसेल, तर त्याच दिवशी पाठवायला सांगा.